नकाशात काही नाही

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, प्रवासाच्या सव्विसाव्या दिवशी, बाईंना तो कागद सापडला. बोटीतले पाणी उपसायच्या पंपाचा वायसर फाटला होता. दुसरा शोधायला त्यांनी नवऱ्याच्या हत्यारपेटीतला पत्र्याचा डबा बाकावर उपडा केला, तेव्हा वायसरांच्या मागोमाग तळाच्या मापाने कापलेली रबराची एक चकती बाहेर पडली आणि तिच्याखालून चौपदरी घडी घातलेला कागद. कागद जुना होता, कार्बनचा ठसा निळसर. बाईंनी तो उलगडला. अक्षर ओळखायला त्यांना चष्मा लागला नाही. ते त्यांचेच होते.

"सापडला का गं?" वरून फिटरने हाक मारली.

"सापडला."

"मग दे की. तिथं काय वायसरचं लग्न लावतेस?"

बाईंनी मापाचा वायसर बाजूला काढला, चकती होती तशी तळाला दाबून बसवली आणि बाकीचे वायसर तिच्यावर भरले. कागद त्यांनी बोटीच्या नोंदवहीत ठेवला. मग दोन पायऱ्या चढून वायसर फिटरच्या तळहातावर ठेवला. त्याच्या अर्ध्या गालाला दाढीचा साबण होता.

"हाच ना?"

"तू दिलास म्हणजे हाच असणार," फिटर म्हणाला आणि शीळ घालत खाली उतरला.

फिटर म्हणजे बाईंचा नवरा. बंदराच्या वर्कशॉपमध्ये तेहतीस वर्षे त्याने इंजिने खोलली आणि जोडली. तिथे सगळे त्याला फिटर म्हणत. बाई तोंडाने 'अहो' म्हणत आणि मनात फिटर. निवृत्त झाल्यावर त्याने गोदीच्या भंगारात पडलेली चोवीस फुटी शिडाची बोट उचलली आणि सहा वर्षे तिच्यापायी नखांतला काळा मळ निघू दिला नाही. फळी अन् फळी हाताने बदलली, डोलकाठी तासली, पाण्याच्या पंपाचे जुने इंजिन आणून बसवले. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आई, बाबांनी सवत आणलीय तुझ्यावर." बोट पाण्यात उतरली तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्याने महिनाभर जायचे, हे फिटरने ठरवले. कुठे जायचे, हे बाईंनी.

बाई त्याच बंदराच्या नकाशा विभागात लिपिक होत्या. समुद्राचा नकाशा छापला म्हणजे संपला असे होत नाही. कुठे वाळू सरकते, कुठे दिवा बंद पडतो, कुठे बुडालेल्या जहाजाची काठी वर येते. अशी बातमी आली की तिची दुरुस्ती-चिठ्ठी करायची. वरची प्रत साहेबांच्या सहीला, खालची कार्बनची आपल्या दप्तरी. सही होऊन आली की बारीक निबाने ती गोष्ट नकाशावर चढवायची. पक्की गोष्ट जांभळ्या शाईने. खात्री नसलेली, पेन्सिलीने. तेरा वर्षे बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे जांभळी होती, आणि त्या तेरा वर्षांत त्यांच्या टेबलावरून गेलेल्या नकाशात कुणाला चूक दाखवता आली नव्हती.

मग तो खडक आला. किनाऱ्यावर बरेच पुढे असलेल्या एका खाडीच्या दीपगृहाच्या रखवालदाराने कळवले की खाडीच्या मुखात, मधोमध, पाण्याखाली खडक आहे. ओहोटीला त्याच्यावर जेमतेम हातभर पाणी राहते. कोळ्यांची जाळी फाटतात. ओळखायची खूण सोपी. दीपगृह आणि त्याच्या मागच्या टेकडीवरची पाण्याची टाकी एका रेषेत आली की समजा, तुम्ही त्याच्यावरच आहात.

बाईंनी तासाभरात चिठ्ठी केली. नेमके त्या दिवशी चिठ्ठ्यांचे बांधीव पुस्तक संपले होते. सुट्या कागदाखाली कार्बन घालून त्यांनी काम भागवले, वरची प्रत साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि खालची हरवू नये म्हणून पर्समध्ये टाकून घरी नेली. कार्यालयाचा कागद घरी नेणे नियमात बसत नव्हते. नोकरीत त्यांनी मोडलेला हा एकच नियम.

साहेब मोजणी विभागाचे प्रमुख होते. त्या खाडीची खोली त्यांनी स्वतः मोजली होती आणि 'मोकळी' असा शेरा मारला होता. आपण मोकळ्या म्हटलेल्या पाण्यात दिवा पुसणाऱ्या माणसाने खडक शोधावा, हे त्यांच्या पचनी पडण्यासारखे नव्हते. चिठ्ठी नऊ दिवस टेबलावर पडून राहिली. दहाव्या दिवशी सकाळी प्रवासी लाँच खडकावर चढली. पाच माणसे गेली.

चौकशीत साहेब म्हणाले, "माझ्यापर्यंत काही आलंच नाही." खालची प्रत घरी आहे, असे बाईंनी सांगितले. ती आणायला त्यांना दोन तास मिळाले. नवराबायकोने मिळून घर उलथेपालथे केले. फिटरने गाद्या उचलल्या, कपाट भिंतीपासून ओढले, बाईंचा शिवणाचा डबा जमिनीवर ओतून रिळे एकेक बाजूला केली. कागद शिवणाच्या डब्यातच ठेवला होता, असे बाईंना पक्के वाटत होते. डब्यात तो नव्हता. फिटर घाम पुसत खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. माणूसच आहेस. विसरली असशील."

पुढची अठरा वर्षे बाई रद्द नकाशांच्या गोदामात होत्या. जुना नकाशा घ्यायचा, चार तुकडे कापायचे, त्यांची फाइलींना कव्हरे करायची. लाँचवर गेलेल्या इंजिनवाल्याची बायको त्यांच्याच गल्लीत राहायची. बाई दुकानात शिरल्या की ती हातातली वस्तू खाली ठेवून निघून जाई. कधी एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तरी बरे झाले असते. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तिने शाळेतून आल्या आल्या विचारले, "आई, तू खरंच विसरलीस?" आणि बाईंनी उत्तर दिले, "माहीत नाही गं." ते उत्तर खरे होते. स्वतःच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी आपण लिहिली होती की नुसते लिहिल्यासारखे वाटले, हे त्यांना पंचवीस वर्षांत कळले नव्हते.

खडक नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत छापला गेला. शोधणाऱ्याचे नाव द्यायची पद्धत होती. साहेबांचे आडनाव पडले. फिटर त्याच वर्षी हेडफिटर झाला. या दोन गोष्टी बाईंनी आजवर कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

साहेब आता त्याच खाडीच्या आतल्या बंदरात राहत होते. वय पंच्याऐंशी, तिथल्या नौका मंडळाचे अध्यक्ष. बाईंना त्यांच्याकडून फक्त एक शब्द हवा होता. चिठ्ठी आली होती ना? हो. एवढ्यासाठी सव्वीस दिवस त्या फळीएवढ्या बिछान्यावर झोपल्या होत्या, पहिल्या आठवड्यात पोटात अन्न ठरले नव्हते, आणि हाताला दोरांचे घट्टे पडले होते.

तो 'हो' आता नोंदवहीच्या पानांत होता, आणि तो साहेबांच्या नव्हे, फिटरच्या डब्यातून निघाला होता.

आठ वाजता फिटरने नांगराच्या दोराला हात घातला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "दहाला निघू."

"का? झक्कास वारा आहे."

"दहाला आणखी चांगला येईल."

"तू म्हणशील तसं, कप्तान." फिटरने दोर सोडला आणि चहा ठेवायला गेला.

बाईंनी वाऱ्याचा विचार केला नव्हता. त्यांनी भरती-ओहोटीचे पुस्तक पाहिले होते. त्या दिवशीची सर्वांत खालची ओहोटी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी होती. दहाला निघाले तर साधारण तीनला खाडीचे मुख येत होते.

मग त्यांनी नकाशा काढला. ही त्यांची स्वतःची प्रत होती, गोदामात कापायला आलेली, रीतसर परवानगीने घरी आणलेली. तिच्यावर त्यांनी निवृत्तीनंतरही प्रत्येक दुरुस्ती वेळच्या वेळी चढवली होती. एकूण दोनशे चौदा. एकच चढवली नव्हती. साहेबांच्या आडनावाचा खडक आपल्या हाताने, आपल्या शाईने काढायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. त्यामुळे या एका नकाशावर खाडीचे मुख अजून पांढरेशुभ्र होते. फिटरला नकाशातले एवढेच कळायचे, की पांढरे ते खोल आणि निळे ते उथळ. फोनवर नकाशा दिसायचा, पण तो फोन चौथ्याच दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशातून समुद्रात गेला होता. "बरं झालं," तो म्हणाला होता. "घरचा नकाशा असताना बाजारचा कशाला?"

बाईंनी सगळे शांतपणे मांडून पाहिले. पाणी सपाट असेल. किनारा जवळ, मागे होडी बांधलेली, दोघांच्या अंगावर लाइफ-जॅकेट. माणूस मरणार नव्हता. बोट मरणार होती. सहा वर्षे जिची फळी अन् फळी फिटरने हाताने बसवली ती बोट साहेबांच्या आडनावावर फुटणार होती, आणि स्वागताला यायचे कबूल केलेले साहेब धक्क्यावरून दुर्बिणीतून बघणार होते. मग फिटर ओला होऊन, थरथरत, नकाशाकडे बघून विचारील, अगं, हे कसं झालं? त्याला द्यायचे वाक्यही तयार होते. पंचवीस वर्षांपूर्वीच कुणीतरी तयार करून ठेवलेले.

माणूसच आहे. विसरले असेन.

बाईंनी नकाशाची घडी घातली आणि चहाला वर गेल्या.

वारा खरोखरच चांगला आला. बोट एका कुशीवर कलून चालू लागली. फिटर सुकाणूच्या दांड्याशी बसून बोलत होता. तो गेले सव्वीस दिवस बोलतच होता. वाटेतल्या प्रत्येक बंदरात त्याने धक्क्यावरच्या माणसांना पकडून सांगितले होते, "आमच्या हिनं सगळा किनारा हातानं काढलाय." लोक कौतुकाने बाईंकडे बघत, आणि बाईंना, आज सकाळपर्यंत, ते आवडतही असे.

"साहेबांचा आवाज काय खणखणीत आहे अजून," तो म्हणाला. मागच्या बंदरातून त्याने फोन केला होता. "म्हणाले, या या, मी स्वतः धक्क्यावर येतो. फुलं घेऊन येणारेत म्हणे, मंडळातली चार माणसं घेऊन. आपण जुनी माणसं, झालं गेलं विसरून जाऊ, असं म्हणाले."

"काय झालं होतं?"

"अं?"

"विसरायचं म्हणजे आधी काय झालं ते माहीत पाहिजे."

फिटरने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "तू म्हणजे ना. इतक्या वर्षांनी माणसानं जरा सैल सोडावं. दोरसुद्धा फार ताणला की तुटतो."

"नांगराचा दोर ताणलेलाच बरा असतो. सैल पडला की समजावं, खालचं काहीतरी सुटलंय."

"बघ, बघ. तीस वर्षं गप्प बसलीस आणि समुद्रावर आल्यावर म्हणी सुचायला लागल्या." तो मनापासून हसला. बाईंनी त्याला उकडलेला बटाटा सोलून मीठ लावून दिला.

साडेअकराला समोरून मासेमारीची एक बोट आली. तिच्यावरच्या माणसाने हात उंच केला. "ओ काका! खाडीत चाललात का?"

"हो!"

"तिथला लाल बोया गेला हां वादळात वाहून! खडकाचा! अजून नवीन टाकला नाही! सांभाळून!"

"आमच्याकडं नकाशा आहे!" फिटर ओरडला आणि अंगठ्याने बाईंकडे खूण केली. "चालताबोलता!"

त्या बोटीवरचे सगळे हसले. धोक्याच्या जागी तरंगणारी ती खूण आता नव्हती. बाईंनी वेळ लिहून घेतली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी वारा पडला. फिटरने शीड उतरवले आणि इंजिन सुरू केले. समोर खाडीचे मुख होते; डाव्या हाताला बेट, बेटावर पांढरे दीपगृह, त्याच्यामागे मुख्य किनाऱ्याची टेकडी आणि टेकडीवर सिमेंटची गोल टाकी. दीपगृह आणि टाकी यांच्यामध्ये अजून आभाळाचा चांगला रुंद तुकडा होता. सूर्य तोंडावर होता आणि पाण्यावर कथिल ओतल्यासारखा नुसता लखलखाट. पाण्याखालचे काही दिसणे शक्यच नव्हते.

बाई केबिनच्या पायरीवर बसल्या. मांडीवर नकाशा, नकाशावर नोंदवही.

"आता तू बोल," फिटर म्हणाला. "मला पुढं काही दिसत नाही. मधून जाऊ ना?"

"मधून जा."

"पुढं काय आहे?"

बाईंनी नकाशाकडे पाहिले. "नकाशात काही नाही."

"आणि तो... साहेबांचा खडक?"

"नकाशात काही नाही, म्हटलं ना."

"मग काढला असेल सुरुंग लावून. बोया टाकला नाही तो त्यामुळंच." फिटर आरामात मागे टेकला. इंजिनाचा एका लयीतला ठोका ऐकत तो बोटीच्या काठावरून तळहात फिरवत होता, जनावराच्या मानेवरून फिरवावा तसा. बोटीचा तळ पाण्याखाली जवळजवळ सव्वा मीटर होता. खडकावर हातभर पाणी. मोजायला अवघड असे त्यात काही नव्हते.

आभाळाचा तुकडा अरुंद होत होता. बाईंनी घड्याळ पाहिले. तीन वाजून दोन मिनिटे. आणखी आठ-नऊ मिनिटे. धक्का लांबवर दिसू लागला होता. धक्क्यावर काही ठिपके उभे होते आणि त्यांतल्या एकाच्या डोळ्यांशी काहीतरी मधूनच चमकत होते. दुर्बीण.

"बघतायत बघ आपल्याकडं," फिटर म्हणाला. "म्हणत असतील, कसे सुतात येतायत म्हातारा-म्हातारी. बोया नाही, काही नाही. त्यांना काय ठाऊक माझ्याकडं कोण आहे. तुझ्या नोंदीत चूक नसते, हे मला आधीपासून माहीत आहे."

बाई उठल्या. पायरी चढून त्या त्याच्यासमोर आल्या.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, तुझ्या नोंदीत चूक नसते."

"हे कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

फिटर हसत काहीतरी बोलणार होता. मग त्याला बाईंच्या हातातली उघडी वही दिसली आणि वहीतला निळसर कागद. इंजिन ठोके देत होते. टाकी दीपगृहाला जवळजवळ येऊन भिडली होती. दोघांच्या मध्ये बोटभर आभाळ उरले होते.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून," तो म्हणाला.

वाक्य बाईंच्या जिभेवर तयार होते. आता फक्त उभे राहायचे होते, एखादे मिनिट. त्यांनी हातातल्या नकाशाकडे पाहिले. खाडीच्या मुखाचा पांढरा भाग बोटीच्या चालीने किंचित फडफडत होता. आणखी मिनिटाभरात हा नकाशा चुकीचा ठरणार होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. आणि या वेळी खरोखर. बाईंनी नोंद केलीच नाही, हे साहेबांचे त्या दिवशीचे म्हणणे आज खरे होणार होते, आणि ते खरे करून देणारा हात पुन्हा त्यांचाच असणार होता.

"सरका," बाई म्हणाल्या.

फिटर सरकला नाही, तेव्हा त्यांनी त्याचा हात उचलून बाजूला केला आणि दांडा दोन्ही हातांनी डावीकडे लोटला. बोट उजवीकडे वळली. दीपगृह आणि टाकी एका रेषेत आली. डाव्या बाजूला, दोन वल्ह्यांच्या अंतरावर, लखलखाटात एक तपकिरी डाग उघडला आणि त्याखाली शेवाळलेली रुंद पाठ दिसली, बसलेल्या जनावरासारखी. पाणी तिच्यावरून हळूच सरकत होते.

"बघा," बाई म्हणाल्या. "नीट बघा."

फिटरने पाहिले. खडक मागे पडेपर्यंत तो बघतच राहिला. मग बाकावर बसला.

"नकाशात नव्हता?" त्याने विचारले.

"या नकाशात नव्हता. मी काढला नव्हता."

फिटरने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "साहेबांनी बोलावून घेतलं होतं. म्हणाले, घरी एक कागद असेल. तो निघाला तर तिनं ऑफिसचा कागद चोरला असं होईल, दोघांची नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. नाही निघाला तर दोघांची राहील. पोरगी आठ वर्षांची होती."

"आणि हेडफिटर?"

"ते नंतर. ते मी मागितलं नव्हतं."

"नाकारलंतही नाही."

"जाळून टाक म्हणाले होते. जाळला म्हणून सांगितलं मी त्यांना. पण जाळवला नाही गं. तुझं अक्षर होतं."

"माझं अक्षर जपलंत," बाई म्हणाल्या. "आणि मला गोदामात ठेवलंत."

"आज देणारच होतो. शपथ. म्हणून तर बरोबर घेतला. पोहोचल्यावर देणार होतो."

"पंचवीस वर्षं आपण एका घरात होतो. आणखी कुठं पोहोचायचं होतं?"

तीन वाजून पन्नास मिनिटांनी बोट बंदरात शिरली. धक्क्यावर साहेब उभे होते. एका हातात काठी, गळ्यात दुर्बीण, बाजूला नौका मंडळाची चार माणसे आणि एकाच्या हातात फुले. साहेबांनी काठी वर केली.

"या! या! पुढं या, धक्क्याला लावा!" आवाज खरोखरच खणखणीत होता. "पाणी भरपूर आहे इथं! मी स्वतः मोजलंय!"

"नांगर टाका," बाई फिटरला म्हणाल्या.

"इथं? अगं, धक्का साठ-सत्तर मीटर आहे अजून."

"टाका."

नांगराचा दोर सरसरत खाली गेला. धक्क्यावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी मागची होडी दोराने ओढून बोटीला लावली, वल्ही आत ठेवली आणि वहीतला कागद काढून फिटरपुढे धरला.

"तुम्ही नेला होतात. तुम्हीच द्या."

"मी?"

"नुसता हातात द्यायचा नाही. वाचायचा. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, तारखेसकट. आणि इतकी वर्षं कुठं होता, तेही सांगायचं."

"साहेब फार म्हातारे झालेत गं."

"मीही झालेय."

फिटरने कागद घेतला. घडी घालावी की उघडाच न्यावा, हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, फोन जिथून पडला होता त्याच खिशात, आणि वरून हाताने दाबला.

"तू चल ना बरोबर."

"मी चौकशीला एकटी गेले होते."

तो होडीत उतरला. बसल्यावर त्याने वर पाहिले. "आणि वाचणं जमलं नाही तर?"

"तर येऊन काही सांगू नका," बाई म्हणाल्या. "मी समजेन. माणूसच आहात. विसरला असाल."

फिटरने वल्ही पाण्यात घातली.

बाईंनी केबिनमधून दौत आणि निब आणला. नकाशा केबिनच्या टपावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वायसर ठेवले. खाडीच्या मुखात, मधोमध, त्यांनी जांभळ्या शाईने एक लहानशी फुली काढली, तिच्याभोवती टिंबांचे कडे आणि शेजारी पाण्याची खोली. नावाच्या जागी आडनाव लिहिले नाही. 'दीपगृहाच्या रखवालदाराने कळवल्याप्रमाणे' एवढेच लिहिले. खालच्या कोपऱ्यात, दोनशे चौदाव्या दुरुस्तीपुढे, चिठ्ठीचा क्रमांक आणि चिठ्ठीवरची तारीख घातली. पंचवीस वर्षांपूर्वीची, लाँच बुडण्याच्या नऊ दिवस आधीची. त्यापुढे आपली आद्याक्षरे. शाई वाळेपर्यंत त्या फुंकर घालत राहिल्या. उजव्या हाताचे एक बोट जांभळे झाले होते.

मग त्यांनी मान वर केली.

वल्ही मारणाऱ्याची पाठ नेहमी जायच्या जागेकडे असते आणि तोंड सोडलेल्या जागेकडे. होडी निम्म्या वाटेवर थांबली होती. फिटर बाईंकडे तोंड करून बसला होता, वल्ही पाण्याच्या वर धरून. त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत होते. त्याच्या पाठीमागे साहेब काठी हलवून काहीतरी ओरडत होते. फुलेवाला धक्क्याच्या पायऱ्या दोन उतरून खाली आला होता.

बाईंनी त्याला हात केला नाही, की हाकही मारली नाही. त्यांनी घड्याळ पाहिले आणि नोंदवही उघडली.

'१६:२५. होडी बोट आणि धक्का यांच्या मध्ये. वल्ही पाण्याबाहेर. एक हात खिशावर.'

ही नोंद त्यांनी पेन्सिलीने केली.